हळू ठरलं होतं

माहा जन्म नागपूरचा, इंदोऱ्यातला, बाबा रेल्वेत फिटर होते अन् आई घरी पापड-मूगवड्या करायची, आम्ही तिघी बहिणी, मी मधली, प्रज्ञा नाव बाबांनी ठेवलं. अन् भाषेचं तुम्ही विचारलं म्हणून आधीच सांगून ठेवते ताई, की वीसेक वर्षं झाली मले अमेरिकेत, हॉस्पिटलमधे दिवसभर इंग्रजी बोलते, पुण्या-मुंबईच्या लोकांत बसली की माही मराठी आपोआप इस्त्री केल्यासारखी होते, पण राग आला की नागपूरच येते तोंडात, अन् आज जे सांगणार आहे ते रागाचंच आहे, तं जसं येईल तसं लिहून घ्या, सुधरवू नका.

आमच्या विहाराच्या पटांगणात पोट्टे लाठी शिकत. सकाळी सकाळी, एक म्हातारे गुरुजी होते, पांढरा शर्ट, ते एक-दो म्हणत अन् पोट्टे लाठ्या फिरवत. आम्ही पोरी आतमधे बसून वंदना पाठ करायचो अन् खिडकीतून पाहायचो. पोरींनी शिकू नये असं कोणी म्हटलं नव्हतं, पण शिका असंही कोणी म्हटलं नाही. आम्हाले आईनं शिकवलं ते येगळं. आई म्हणे, मान खाली घालून चालायचं, कोणी काही बोललं तं ऐकू आलं नाही असं करायचं. कॉलेजच्या बसमधे एक माणूस होता, रोजचा, गर्दी नसली तरी माह्या सीटले टेकून उभा राहायचा, अन् काय करायचा ते तुम्ही बाई आहात, तुम्हाले सांगायची गरज नाही. घरी सांगतलं तं आई म्हणे, ती बस सोड, दुसरी पकड. मी सोडली. पूर्ण बीएस्सी दुसऱ्या बसनं केली, अर्धा तास आधी निघून. बस काय त्याच्या बापाची होती? आईचा दोष नाही, तिलेही तिच्या आईनं हेच शिकवलं असेल. पण आजही त्या बसची आठवण आली ना, की कानशिलं गरम होतात माही.

लग्न झालं, मिलिंद कॉम्प्युटरवाले, शांत माणूस, भांड्याले भांडं लागू देत नाही. इथं अमेरिकेत, श्रूजबरी गावाले आलो. पहिली वर्षं मले कामाची परवानगी नव्हती, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईले घरी बसा म्हणतात. मंग परवानगी मिळाली तशी मी रक्त काढायचा कोर्स केला अन् हॉस्पिटलमधे लागली. तेच काम अजूनही करते. दिवसभर लोकांच्या दंडाले पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची, अन् सुई घालायच्या आधी म्हणायचं, सॉरी, लिटल पिंच. दिवसातून किती वेळा सॉरी म्हणत असेल मी, काही हिशोब नाही. तोंडाले सवयच पडली.

आता मूळ गोष्ट सांगते. मी अन् माही मुलगी श्रावस्ती, तेव्हा दहावीले होती, आम्ही किराण्याले गेलो होतो. पार्किंगमधे मी गाडी लावली, उतरली, तं एक माणूस आपली गाडी मधेच उभी करून ओरडत आला, ती जागा त्याची होती म्हणे, तो वाट पाहून राहिला होता म्हणे. मले खरंच दिसला नव्हता तो. मी काही म्हणायच्या आत त्यानं दोन्ही हातांनी माह्या छातीवर असा धक्का मारला, अशी गाडीच्या दारावर आदळली मी, अन् वरून म्हणते, गो बॅक टू व्हेअर यू केम फ्रॉम. अन् मी काय म्हटलं असेल? सांगा. मी सॉरी म्हटलं, ताई. धक्का त्यानं मारला अन् सॉरी मी म्हटलं. तो गेला शिव्या देत. घरी गॅरेजमधे गाडी थांबली तेव्हा पोरगी समोर पाहतच म्हणाली, आई, यू सेड सॉरी टू हिम. बस, एवढंच. पोलिसात कळवलं, त्यांनी ऐकून घेतलं, गाडीचा नंबर आहे काय विचारलं, तो आम्ही पाह्यला नव्हता, मंग ते तरी काय करणार. पण माह्या डोक्यात तो माणूस कमी अन् माहं ते सॉरीच जास्त वाजत राहिलं. स्वयंपाक करताना वाजे, रक्त काढताना वाजे. मले स्वतःचाच एवढा राग कधी आला नव्हता.

आमच्या घराजवळ दुकानांची एक रांग आहे, एका बाजूले पिझ्झावाला, एका बाजूले नखं रंगवायचं दुकान, अन् मधे किकबॉक्सिंगचा क्लास. रोज पाहायची जाता-येता. एक दिवस गाडी लावली अन् आत गेली. डेनिस नावाची बाई चालवते तो, पन्नाशीची, आधी पोस्टात टपाल वाटायची, एका गुडघ्याले कायम पट्टा. मले म्हणे, कायले शिकायचं आहे? फिटनेस? मी म्हटलं, नाही, मले कोणी मारलं तं मले उभं राहता आलं पाहिजे. ती हसली नाही. म्हणून राहिली मी तिथं.

घरी सगळे हसले. दातांचं रबरी कव्हर असते, माउथगार्ड म्हणतात, ते उकळत्या पाण्यात बुडवायचं अन् गरम गरम दातात दाबायचं म्हणजे तुमच्या दातांच्या मापाचं होते. मी चहाच्याच गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळलं. मिलिंद मागून आले, त्यांना वाटलं चहा होऊन राहिला, डोकावले अन् परत गेले. मंग पोरीले म्हणतात, तुही आई दात शिजवून राहिली. मीही हसली तेव्हा. तेव्हा हसू येत होतं मले.

सुरुवातीचे महिने नुसतं हवेत अन् बॅगवर मारायचं होतं, ते येते हो कोणालेही, बॅग काही परत मारत नाही. खरं समजते ते स्पारिंगमधे. स्पारिंग म्हणजे समोर खरा माणूस, दोघांच्या हातात ग्लोव्ह्ज, डोक्याले गादी, अन् आधी ठरवायचं की किती जोरात. नवशिक्यांचं हळूच ठरते, नुसता स्पर्श व्हावा एवढं. पहिल्या दिवशी समोरच्या पोरीनं हात नुसता उचलला अन् मी डोळे मिटून पाठ फिरवून उभी. डेनिस म्हणे, पाठ कधी द्यायची नाही, पाठीमागं काही नाही आहे, जे आहे ते समोर आहे. मी श्वास धरून ठेवायची, अर्ध्या मिनिटात दम लागायचा. अन् चुकून माहा हात कोणाले लागला की, सॉरी. डेनिस वैतागली. म्हणे, इथं येऊन ज्याले मार खायचा आहे तोच समोर उभा आहे, माफी माग असं तुले कोणी म्हटलं?

अन् एक गोष्ट सांगते, ती मले फार लागली. डेनिस म्हणे हनुवटी खाली. मी मान खाली घातली, लहानपणापासून घालत आली तशी. ती म्हणे, मान नाही, हनुवटी, अन् नजर वर. तिनं बोटानं माही हनुवटी दाबली अन् दुसऱ्या हातानं स्वतःच्या डोळ्यांकडे दाखवलं, इथं पाह्य. किती दिवस जमेना मले. हनुवटी खाली गेली की नजरही खालीच जाय. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मले समजलं की ठोसा येतो तो आधी खांद्यातून दिसते, अचानक नाही येत काही. आपण खाली पाहतो म्हणून अचानक वाटते.

तिथंच निखिल आला. पुण्याचा, इकडंच कंपनीत, तिशीतला, तब्येत चांगली. वर्षभर तो दुसरीकडे शिकला होता. मराठी ऐकून मले आनंदच झाला, खोटं कायले बोलू. पहिल्या दिवशी म्हणे, प्रज्ञाताई, तुम्ही नागपूरच्या का, आडनाव काय? मी म्हटलं रामटेके. म्हणे, रामटेकचे का? मी म्हटलं नाही, इंदोऱ्याचे. तं म्हणे, अच्छा. अच्छा अच्छा. आता तो अच्छा तुम्हाले कसा सांगू मी. आडनावावरून, वस्तीवरून जात समजली की निघते तो, कागदावर नाही येत. तो मी शाळेत ऐकला, कॉलेजात ऐकला, इथं एका पुरणपोळीच्या जेवणात ऐकला. मी असं नाही म्हणत की त्याच्यामुळंच त्यानं पुढचं केलं. मले त्याच्या मनातलं माहीत नाही अन् मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या दिवसापासून मी ताईची काकू झाली, एवढं खरं.

त्याच्यासोबत पहिला राउंड, हळू ठरलेला. दोघांनी ग्लोव्ह्ज टेकवले, त्यानं मान डोलावली. अन् अर्ध्यातच माह्या नाकावर असा ठोसा बसला की डोळ्यांसमोर पांढरं. रक्त आलं. रक्ताले मी भीत नाही, माहं कामच ते, पण दुसऱ्याचं पाहणं येगळं. तो म्हणे, सॉरी काकू, रिफ्लेक्स होता. मीच म्हटलं, इट्स ओके. मंग काही आठवड्यांनी परत, परत हळू ठरलेलं, अन् त्यानं पायानं बरगडीवर मारलं, आवाज झाला. हाड मोडलं नव्हतं, पण मुका मार असा की मी खोकू शकत नव्हती, हसू शकत नव्हती, पेशंटच्या पलंगावर वाकली की डोळ्यांत पाणी. त्या दिवशीही तो म्हणे, गार्ड, म्हणजे बचावाचे हात, वर ठेवा ना काकू. अन् बारीक हसला. बाकीच्या माणसांशी, मोठ्या मोठ्या अमेरिकन पोरांशी, तो अगदी सांभाळून खेळे, ते मी डोळ्यांनी पाह्यलं. म्हणजे हळू मारता येत होतं त्याले.

बरगडी दुखत असतानाच एकाकडे वाढदिवसाचं जेवण होतं, आपलीच सगळी मराठी मंडळी, निखिलही होता. सगळ्यांसमोर त्यानं गोष्ट सांगतली. काकूंनी गार्डच सोडला यार, मी काय करणार, अन् मी कशी वाकली ते उठून, पोट धरून करून दाखवलं. हसले सगळे. एक वहिनी म्हणे, या वयात कशाला गं हे नस्ते उद्योग, झुंबा कर. अन् मी मिलिंदकडे पाह्यलं, तं तेही हसून राहिले होते. मोठ्यानं नाही, असं प्लेटमधे पाहून, बाकीचे हसतात म्हणून. ताई, नाकावर बसलेला ठोसा मले एवढा लागला नव्हता.

गाडीत मी म्हटलं, काऊन हसले तुम्ही? ते म्हणे, अगं तिथं काय भांडू का मी? मी म्हटलं, भांडा असं कोणी म्हटलं? नुसतं हसू नका, एवढंही होत नाही? ते म्हणे, लहान पोरगा आहे, मस्करी करते, आपल्याले चार लोकांत राहायचं आहे. मी म्हटलं, तेच चार लोक माही मजा घेऊन राहिले अन् तुम्ही त्यांच्यातले पाचवे झाले. त्याच्यानंतर घरात दोन-तीन दिवस नुसता कुकरचा आवाज.

मंग मी डेनिसकडे गेली. तिले सांगतलं, तो मुद्दाम मारते. ती आधी म्हणे, असं होते स्पारिंगमधे, हात वर ठेव. म्हणजे तीही तेच. माह्या डोक्यात गेलं. मी तिच्या ऑफिसात उभ्या उभ्या शर्ट वर करून बरगडी दाखवली, पिवळी-निळी झालेली, अन् म्हटलं, हे हात वर ठेवून थांबलं असतं, मान्य. पण हळू ठरलं होतं. ठरल्याचं काय? तिनं बरगडी नीट पाह्यली. मंग म्हणे, दुसऱ्या वेळी मी पाह्यलं होतं, मी थांबवायले पाहिजे होतं, माही चूक. अन् मंग म्हणे, पण तू काऊन नाही थांबवलं? राउंड थांबवायचा हक्क आत असलेल्याचा असते, स्टॉप म्हटलं की संपला, कारण सांगायची गरज नाही. मी म्हटलं, हे मले कोणी सांगतलं नाही. ती म्हणे, मले वाटलं तुले माहीत असेल. मले नव्हतं माहीत, ताई. मले वाटे घंटी वाजेपर्यंत सहन करायचं असते.

त्यानंतर तिनं मले नुसता बचाव शिकवला. मारायचंच नाही. ती समोरून हातात पॅड घेऊन येई अन् मी फक्त झाकायचं, बाजूले सरकायचं, परत झाकायचं. मागं मागं जायचं नाही, मागं भिंत असते, बाजूले जायचं. पाय आला तं कोपर बरगडीले चिकटवून खाली घ्यायचं, त्याच्या पायाची नळी आपल्या कोपरावर आपटली पाहिजे. फारच जवळ आला तं हातांत हात अडकवून धरून ठेवायचं, धरलेल्या माणसाले जोरात मारता येत नाही. अन् दर वेळी शेवटी ती मले मोठ्यानं स्टॉप म्हणायले लावे. तोंडातलं रबर काढून, पोटातून. पहिल्यांदा माहा आवाज असा निघाला की जशी मी दुकानात भाव विचारून राहिली. ती म्हणे, अजून. पिझ्झावाल्याले ऐकू गेलं पाहिजे. कित्येक दिवस हेच. हाताले निळे डाग पडत, हॉस्पिटलमधल्या नर्सनं एकदा बाजूले घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरी ठीक आहे, बाहेरची तयारी सुरू आहे.

अन् एका शनिवारी सकाळी मीच म्हटलं, निखिल, एक राउंड. डेनिस म्हणे, नक्की? मी म्हटलं, नक्की. हळू, मी त्याले सगळ्यांसमोर विचारलं, हळू ना? तो म्हणे, ऑफ कोर्स काकू.

थोडा वेळ हळू चाललं. मंग त्याचा हात जड व्हायले लागला. पण आता मले दिसत होतं. खांदा हलला की मी झाकून घेई, बाजूले जाई, त्याचे ठोसे ग्लोव्ह्जवर, दंडावर, एखादा हवेत. लागत होते, नाही असं नाही. पण डोळे उघडे होते माहे. मी एकदाही मारलं नाही त्याले, अन् तेच त्याले सहन झालं नाही. त्यानं तोच पाय घातला, त्याच बरगडीवर, अन् मी कोपर खाली घेतलं. त्याची नळी कोपरावर बसली. लंगडला तो. अन् मंग त्याच्या तोंडावरचं ते बारीक हसू गेलं अन् तो खरा चिडून आला, मोठे मोठे हात फिरवत. मी आत शिरली अन् त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, डोकं त्याच्या खांद्याले लावून, अन् त्या रबराच्या तोंडानं जमेल तसं म्हटलं, हळू. हळू ठरलं होतं. तं त्यानं दोन्ही हातांनी माह्या छातीवर धक्का मारला. मागं रिंगच्या दोरावर आदळली मी.

अन् मी स्टॉप म्हटलं. ताई, असं म्हटलं की गाणी लागली होती तिथं, ती कोणीतरी बंद केली. रबर काढलं तोंडातून अन् इंग्रजीत सांगतलं सगळ्यांना, हा दर वेळी हळू म्हणते अन् जोरात मारते, आतापर्यंत नाक फोडलं, बरगडी सुजवली, अन् हे रिफ्लेक्स नाही, तुमच्याशी खेळताना याले रिफ्लेक्स होत नाही. मी रडली नाही.  कोपऱ्यातली एक पोरगी, ब्राझीलची, कधी बोलायची नाही, ती म्हणे, माह्याशीही असंच करते. डेनिसनं त्याले सांगतलं, ग्लोव्ह्ज काढ अन् घरी जा, परत येऊ नको.

तो ग्लोव्ह्ज काढत काढत माह्या जवळ आला अन् मराठीत, हळू आवाजात, बाकीच्यांना समजू नये म्हणून, म्हणे, काकू, उगाच इश्यू करू नका, बाहेरच्या लोकांसमोर कशाला, आपण आपली माणसं आहोत. मी म्हटलं, आपली? कधीपासून? अन् मीही मराठीतच म्हटलं, पण हळू नाही म्हटलं.

आता तुम्हाले वाटेल झालं, जिंकली बाई. काही नाही. इथल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर चर्चा झाली की रामटेकेबाईंनी मराठी मुलाचं नाव खराब केलं, क्लासमधून काढायले लावलं. एकीनं फोन करून समजावलं, सोडून द्या, त्याचं करिअर आहे, जणू मी त्याच्या करिअरवर पाय ठेवला. दोन-तीन घरची बोलावणी बंद झाली. कोणीही, एकानंही, असं विचारलं नाही की प्रज्ञा, तुही बरगडी कशी आहे. अन् मले यांचाच जास्त राग येते, निखिलपेक्षाही. तो मारून मोकळा झाला. हे लोक हळू मारतात.

मिलिंदचं सांगते, नाही तं अन्याय होईल. नंतर एका जेवणात कोणी तरी परत ती गोष्ट काढली, हसत हसत, काय मग, वहिनी आजकाल कोणाला मारतात. मिलिंदनं प्लेट खाली ठेवली अन् म्हणाले, मारलं तिले होतं, तिनं नाही मारलं, अन् त्याच्यात हसण्यासारखं मले काही दिसत नाही. एवढंच बोलले, अन् परत प्लेट उचलून वरण-भात खायले लागले.   मी घरी येऊन चहा करून दिला. सगळं माफ केलं असं नाही. पण चहा दिला.

आता मी जाते अजून, दर शनिवारी. लोक म्हणतात, बाई, एवढा राग बरा नाही, बीपी वाढेल, मेडिटेशन करा. मेडिटेशन करतेच ना मी, कोणाले सांगून राहिले? सकाळी कामाले जायच्या आधी बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावते, वंदना घेते, शेवटी सर्वांचं मंगल होवो म्हणते. अन् सर्वांचं म्हटलं की त्याच्यात सगळेच आले, तो पार्किंगवाला आला, बसमधला आला, निखिल आला, ग्रुपवरच्या बाया आल्या, एकालेही वगळायची सोय नाही. तं म्हणते मी. दात आवळून म्हणते, पण म्हणते, रोज. होवो त्यांचं मंगल. माह्यापासून दूर राहून होवो.